स्टॅटिस्टिक्स खरंच अपडेट झाल्यात का हे खात्रीनं कसं बघायचं? पोस्टग्रेस 15

काटा_पावती
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात ईडीपीला (संगणक विभागात) आहे, ऊस बिलाचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस 15 या डेटाबेसवर चालतंय. हंगाम सुरू होऊन पहिला पंधरवडा संपला आणि बिलाची प्रोसेस लावली तर ती संपायचं नावच घेईना, गेल्या हंगामात हीच प्रोसेस दोन-तीन मिनिटांत व्हायची. आता अर्धा-पाऊण तास नुसतं गोल फिरतंय आणि तिकडं शेती विभागातनं फोनवर फोन. 14 दिवसांत पैसे सभासदाच्या खात्यावर जायला पाहिजेत, उशीर झाला तर 15 टक्क्यांनी व्याज लागतंय, त्यामुळं हा विषय आमच्याकडं नुसता आयटीचा राहत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात रोज रात्री 2 वाजता स्टॅटिस्टिक्स (टेबलमध्ये कोणती व्हॅल्यू साधारण किती रोमध्ये आहे याचा डेटाबेसनं ठेवलेला अंदाज) अपडेटचा जॉब लावलाय, जॉब सक्सेस दाखवतोय, म्हंजे स्टॅटिस्टिक्स ताज्या आहेत, तुमचा सर्व्हरच कमी पडतोय, रॅम वाढवा. मला ते पटंना झालंय. जॉब सक्सेस झाला म्हणजे स्टॅटिस्टिक्स अपडेट झाल्याच असं धरायचं का? का डेटाबेसमध्ये जाऊन स्वतः बघता येतं, आणि बघायचं तर नेमकं कुठं बघायचं? मुख्य टेबल ऊस_वजन, सगळ्या हंगामांच्या मिळून साधारण 24 लाख रो आहेत.

रंकाळा_डीबीए
भावा तुझी शंका बरोबर आहे, जॉबचा हिरवा टिक म्हणजे कमांड एरर न देता संपली एवढंच, तिनं तुझ्या टेबलला हात लावला का नाही हे टिक सांगत नाही. ते डेटाबेसलाच विचारायचं.

पहिलं, पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स हा व्ह्यू उघड आणि ऊस_वजनची ओळ बघ. त्यात चार गोष्टी एकत्र वाचायच्या, एकटी तारीख बघून थांबायचं नाही. लास्ट_अॅनालाइझ म्हणजे कुणीतरी हातानं किंवा जॉबनं अॅनालाइझ केलं (स्टॅटिस्टिक्स नव्यानं गोळा करायची कमांड चालवली) ती वेळ, लास्ट_ऑटोअॅनालाइझ म्हणजे ऑटोव्हॅक्यूमनं (पोस्टग्रेसच्या मागं आपोआप चालणाऱ्या देखभालीच्या प्रोसेसनं) स्वतःहून केलं ती वेळ, एन_मॉड_सिन्स_अॅनालाइझ म्हणजे त्यानंतर किती रो इन्सर्ट, अपडेट, डिलीट झाल्या, आणि एन_लाइव्ह_टप म्हणजे एकूण रो अंदाजे. अॅनालाइझ झालं की तो मॉडचा आकडा शून्यावर येतो. त्यामुळं जॉब रात्री 2 ला झाला असेल तर सकाळी काटा सुरू असताना तिथं फार तर रात्रीपासूनच्या पावत्यांएवढा आकडा दिसायला पाहिजे. पंधरा दिवसांचा माल तिथं साठलेला दिसला तर जॉबनं तुझ्या टेबलसाठी काहीच केलेलं नाही, मग लॉगमध्ये काहीही लिहिलेलं असू दे.

तारीख बघताना टाइमझोन बघ हं. क्लाउडवरचा सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर असतो, आपल्या रात्री 2 चा जॉब तिथं आदल्या दिवशीचा 20:30 दिसतो आणि माणूस उगीच घाबरतो.

दुसरं, आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं, त्या स्लो क्वेरीवर एक्सप्लेन अॅनालाइझ लाव. प्रत्येक पायरीवर दोन रो आकडे येतात, एक प्लॅनरनं (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) धरलेला आणि एक प्रत्यक्षात आलेला. हे दोन जवळपास असले तर स्टॅटिस्टिक्सवर संशय घ्यायचं कारण नाही. एक आणि दहा हजार असा फरक असला तर विषय तिथंच आहे, रॅम वाढवून काय होणार नाही. फक्त एक्सप्लेन अॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो हे ध्यानात ठेव, सिलेक्ट असेल तर ठीक, अपडेट किंवा इन्सर्ट असेल तर बिगिन करून चालव आणि शेवटी रोलबॅक कर.

दोन्हीचं आउटपुट टाक इथं, मग बोलू.

शिरोली_आयटी
आमच्या फौंड्रीत ईआरपी एसक्यूएल सर्व्हरवर आहे पण रोग तोच असतो म्हणून लिहितोय, कुणाला तरी उपयोगी पडंल. आमच्याकडं स्टॅट्स_डेट फंक्शन तारीख देतं, पण मी ते आता वापरत नाही, सिस.डीएम_डीबी_स्टॅट्स_प्रॉपर्टीज वापरतो कारण त्यात लास्ट_अपडेटेडसोबत रोज, रोज_सॅम्पल्ड आणि मॉडिफिकेशन_काउंटर पण मिळतात. तारीख कालची आहे पण कोटभर रोमधल्या चिमूटभर सॅम्पल केल्यात, असं पण असतंय, आणि तारखेवरनं ते कधीच कळणार नाही.

अजून एक, इंडेक्स रीबिल्ड केलं की त्या इंडेक्सच्या स्टॅटिस्टिक्स आपोआप नव्या होतात, रीऑर्गनाइझ केलं तर होत नाहीत. बऱ्याच मेंटेनन्स प्लॅनमध्ये रीऑर्गनाइझ लावून लोक निवांत बसतात. आणि ऑटो अपडेटचा जुना नियम 500 रो अधिक 20 टक्के असा होता, मोठ्या टेबलला तो कधी लागूच व्हायचा नाही. 2016 पासून, म्हणजे कम्पॅटिबिलिटी लेव्हल 130 आणि वर असेल तर, मोठ्या टेबलसाठी तो आकडा बराच खाली आलाय. पण डेटाबेस जुन्या व्हर्जनवरनं उचलून नव्यावर ठेवला तर लेव्हल जुनीच राहते, ती तपासा.

काटा_पावती
रंकाळा दादा, सांगितल्याप्रमाणं केलं. आउटपुट असं आहे.

ऊस_वजन: लास्ट_अॅनालाइझ रिकामं, नल. लास्ट_ऑटोअॅनालाइझ गेल्या हंगामाचा मार्च महिना. एन_मॉड_सिन्स_अॅनालाइझ 31,206. एन_लाइव्ह_टप 24 लाखांच्या वर थोडं.

एक्सप्लेन अॅनालाइझमध्ये हंगाम 2025-26 आणि पंधरवडा 1 या फिल्टरच्या पायरीवर धरलेल्या रो 1 आणि प्रत्यक्षात 11,640. वरची पायरी नेस्टेड लूप (एकेक रो घेऊन दुसरं टेबल परत परत चाळणं) आहे आणि कपातीच्या टेबलवर लूप्स 11,640 दाखवतंय.

म्हंजे जॉब झालाच नाही असं का? पण लॉगमध्ये तर रोजचा सक्सेस आहे, मी स्वतः बघितलाय. आणि ऑटोव्हॅक्यूम चालू असताना मार्चनंतर एकदाही अॅनालाइझ का झालं नाही?

रंकाळा_डीबीए
बरं झालं आकडे टाकलेस, सगळं समोर आलं.

आधी ऑटोव्हॅक्यूमचं. त्याचा डिफॉल्ट हिशोब असा, 50 रो अधिक टेबलच्या 10 टक्के रो बदलल्या की अॅनालाइझ. तुझं टेबल 24 लाखांचं, म्हणजे 2,40,050 बदल झाल्याशिवाय ते हलणार नाही. तुझ्याकडं एका खेपेला भरलेलं वजन पडलं की इन्सर्ट, गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली की अपडेट, आणि बिल झालं की अजून एक अपडेट, असे धरून चाललो आणि हंगामात लाखभर खेपा धरल्या तर तो आकडा गाठेपर्यंत मार्च उजाडतो. म्हणजे अॅनालाइझ होतं ते हंगाम संपत आल्यावर, आणि गरज असते पहिल्या पंधरवड्याला. आणि टेबल दरवर्षी वाढत जातं तसा तो 10 टक्क्यांचा आकडा पण वाढतो, त्यामुळं गेल्या वर्षी जमलं ते यंदा जमलं नाही यात नवल नाही. यात ऑटोव्हॅक्यूम बिघडलेलं नाही, ते नियमानंच चाललंय, फक्त तो नियम तुझ्या टेबलला सोयीचा नाही.

आता रो 1 का धरली ते. पीजी_स्टॅट्स व्ह्यूमध्ये ऊस_वजनच्या हंगाम कॉलमची ओळ काढ आणि मोस्ट_कॉमन_व्हॅल्स (सगळ्यात जास्त येणाऱ्या व्हॅल्यूंची यादी) वाच. तिथं जुने सगळे हंगाम असतील, 2025-26 नसणार, पैज लाव. प्लॅनरच्या वहीत सगळ्या रो जुन्या हंगामांच्या नावावर लागून गेल्यात, नव्या हंगामाला उरलं काय तर जवळपास शून्य, आणि शून्य तो धरत नाही म्हणून 1. एकच रो येणार म्हटल्यावर नेस्टेड लूप स्वस्त वाटणारच की त्याला. प्रत्यक्षात कपातीचं टेबल 11,640 वेळा चाळलं जातंय. अपडेट झालं का नाही हे बघायचा हा माझा सगळ्यात आवडता मार्ग आहे, तारखा काय वाटेल ते सांगू देत, वहीत नवा हंगाम आलाय का तेवढं बघायचं.

लास्ट_अॅनालाइझ नल दिसतंय त्यावर मात्र एकदम उडी मारू नको. सर्व्हर क्रॅश होऊन उठला किंवा कुणी इमिजिएट शटडाउन केलं तर हे काउंटर पुसले जातात, पण खऱ्या स्टॅटिस्टिक्स पीजी_स्टॅटिस्टिक कॅटलॉगमध्ये जशाच्या तशा असतात. तुझ्याकडं मार्चची ऑटो तारीख शिल्लक आहे म्हणजे मार्चपासून तरी काउंटर पुसलेले नाहीत, त्यामुळं इथं नल म्हणजे जॉब टेबलपर्यंत पोचलाच नाही.

जॉबची कमांड काय आहे ती बघायला मिळंल का?

पंचगंगा_काठ
मधेच बोलतो. जॉब सक्सेस आणि अॅनालाइझ शून्य, हे मी दोन प्रकारानं झालेलं बघितलंय. एक म्हणजे जॉबचा यूजर टेबलचा मालक नसतो. मग पोस्टग्रेस फक्त वॉर्निंग देतं की हे टेबल सोडून पुढं जातोय, एरर देत नाही, आणि जॉब सक्सेस. वॉर्निंग वाचायला कोण बसत नाही. 17 पासून त्यासाठी मेंटेन नावाचा वेगळा अधिकार देता येतो, पण तुम्ही 15 वर आहात, तिथं टेबलचा किंवा डेटाबेसचा मालक नाहीतर सुपरयूजरच लागतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. व्हॅक्यूमडीबी कमांडला डेटाबेसचं नाव दिलं नाही आणि सगळे डेटाबेस असा ऑप्शन पण दिला नाही, तर ती आधी पीजीडेटाबेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघते, ते पण नसलं तर यूजरच्या नावाचा डेटाबेस घेते. यूजर पोस्टग्रेस, म्हणून डेटाबेस पण पोस्टग्रेस, जो बहुतेक ठिकाणी रिकामाच असतो. दोन सेकंदात काम फत्ते, एक्झिट कोड शून्य. लॉगमध्ये व्हॅक्यूमिंग डेटाबेस अशी ओळ असते आणि पुढं अवतरणात नाव असतं, ते नाव वाचा. आणि 24 लाखांच्या टेबलसकट अख्खा डेटाबेस असताना जॉब किती वेळात संपतो तेही बघा.

काटा_पावती
पंचगंगा, हेच निघालं!! लॉगमध्ये रोज तीच ओळ, डेटाबेसचं नाव पोस्टग्रेस. आमचा डेटाबेस वेगळ्याच नावाचा आहे. कमांडमध्ये यूजर दिलाय, फक्त अॅनालाइझचा ऑप्शन दिलाय, डेटाबेस कुठंच नाही. आणि जॉब सुरू झालेली वेळ आणि संपलेली वेळ यात फरकच नाही म्हटलं तरी चालंल. आणि मोस्ट_कॉमन_व्हॅल्स पण बघितलं, 2024-25 पर्यंतचे सगळे हंगाम आहेत, यंदाचा नाही. दादा पैज जिंकलात.

आता हातानं अॅनालाइझ करायचं म्हणतोय पण काटा 24 तास चालू आहे, गेटवर ट्रॅक्टरची रांग लागलीय, टेबल लॉक झालं आणि पावती अडकली तर वाहनवाले ऐकून घेणार नाहीत. चालू हंगामात दिवसाढवळ्या चालवलं तर चालतंय का?

रंकाळा_डीबीए
बिनधास्त चालव. अॅनालाइझ जे लॉक घेतं त्याचं नाव शेअर अपडेट एक्सक्लुझिव्ह, नाव मोठं आहे पण त्यानं सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट काहीच अडत नाही. अडतं ते त्याच टेबलवर दुसरं अॅनालाइझ, व्हॅक्यूम किंवा अल्टर टेबल. आणि ते सगळं टेबल वाचत पण नाही, डिफॉल्ट टार्गेट 100 असेल तर 300 गुणिले 100, म्हणजे 30,000 रोचं सॅम्पल घेतं. डिस्कवर थोडा ताण येतो, तेवढंच. फक्त व्हॅक्यूम फुल त्यासोबत लावू नको चुकून, ते मात्र अख्खं टेबल अडवून बसतं.

व्हर्बोस लावून चालव, म्हणजे काय केलं ते समोर दिसंल.

काटा_पावती
केलं. व्हर्बोसचं आउटपुट आहे तसं टाकतो: ऊस_वजन, 48,000 च्या आसपास पेजपैकी 30,000 पेज स्कॅन केली, सॅम्पलमध्ये 30,000 रो, एकूण अंदाजे रो 24 लाख. काही सेकंदांत झालं, काट्यावर कुणाला कळलं पण नाही.

लगेच तपासलं. लास्ट_अॅनालाइझ आजची वेळ, एन_मॉड शून्य, थोड्या वेळानं परत बघितलं तर नव्या पावत्यांएवढा पुढं गेलेला. मोस्ट_कॉमन_व्हॅल्समध्ये 2025-26 आला. प्लॅनमध्ये नेस्टेड लूप जाऊन हॅश जॉइन (दुसरं टेबल एकदाच वाचून जुळवणं) आला आणि बिलाची प्रोसेस परत दोन-तीन मिनिटांवर. शेती अधिकाऱ्यांना रजिस्टर देऊन टाकलं.

एक शंका राहिली. अंदाज अजून बरोबर नाही, धरलेल्या रो 1,170 आणि प्रत्यक्षात 11,640. दहापट फरक. स्टॅटिस्टिक्स आत्ताच ताज्या केल्यात मग हा फरक कशाचा?

रंकाळा_डीबीए
मस्त प्रश्न. हे शिळेपणामुळं नाही. प्लॅनर दोन कॉलम एकमेकांशी संबंध नसलेले धरतो. हंगामाचा वाटा त्याला आता बरोबर कळतोय, पंधरवडा 1 म्हणजे एकूण टेबलच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हेही कळतंय, तो दोन्हींचा गुणाकार करतो. पण यंदाच्या हंगामात सध्या पहिला पंधरवडा सोडला तर काहीच नाही, म्हणून खरा आकडा दहापट. तारीख ताजी असून अंदाज चुकतो तो असा.

उपाय आहे, क्रिएट स्टॅटिस्टिक्स करून हंगाम आणि पंधरवडा दोन्ही कॉलमची मिळून एमसीव्ही (मोस्ट कॉमन व्हॅल्यूज) स्टॅटिस्टिक्स बनव. एमसीव्ही प्रकार 12 पासून आहे, तुझ्याकडं चालतोय. पण नुसतं क्रिएट करून ती भरत नाहीत, परत एकदा अॅनालाइझ लागतं, आणि भरली का हे पीजी_स्टॅट्स_एक्स्ट व्ह्यूमध्ये दिसतं. तिथं मोस्ट_कॉमन_व्हॅल्स रिकामं असेल तर अजून भरलेली नाहीत.

आणि ऑटोव्हॅक्यूमचं पण आत्ताच उरकून टाक, पुढच्या वर्षावर ठेवू नको. फक्त या टेबलपुरतं अल्टर टेबल सेट करून ऑटोव्हॅक्यूम_अॅनालाइझ_स्केल_फॅक्टर 0 आणि ऑटोव्हॅक्यूम_अॅनालाइझ_थ्रेशोल्ड 5000 कर. मग टेबल कितीही वाढू दे, दर 5,000 बदलांनंतर अॅनालाइझ होत राहील, तुमच्या खेपांच्या हिशोबानं दोन-तीन दिवसांतनं एकदा. मग रात्रीचा जॉब हुकला तरी बिल अडकणार नाही. हे सगळ्या डेटाबेसला मात्र लावू नको.

ओरॅकल_मावशी
छान चर्चा चाललीय म्हणून ओरॅकलचं पण सांगून ठेवते, कोल्हापुरात अजून बऱ्याच ठिकाणी ओरॅकल आहे. यूजर_टॅब_स्टॅटिस्टिक्समध्ये लास्ट_अॅनालाइझ्ड आणि स्टेल_स्टॅट्स हे दोन कॉलम बघायचे, डिफॉल्टला 10 टक्के रो बदलल्या की स्टेल यस होतं. पण बदलांचा हिशोब आधी मेमरीत असतो, म्हणून तपासायच्या आधी डीबीएमएस_स्टॅट्समधलं फ्लश_डेटाबेस_मॉनिटरिंग_इन्फो चालवायचं, नाहीतर स्टेल नो दिसतं आणि आपण समाधानानं घरी जातो. स्टॅटटाइप_लॉक्ड कॉलम पण बघा, कुणीतरी कधीकाळी स्टॅटिस्टिक्स लॉक करून गेलेलं असतं आणि रात्रीचा ऑटोमॅटिक जॉब ते टेबल गुपचूप सोडून देतो.

आणि ओरॅकलमध्ये स्टॅटिस्टिक्स नव्या झाल्या तरी जुना प्लॅन लगेच जात नाही. डिफॉल्टला शेअर्ड पूलमधले (मेमरीत ठेवलेले) कर्सर, म्हणजे जुने प्लॅन, एकदम रद्द न करता हळूहळू रद्द होतात, 5 तासांपर्यंत. त्यामुळं दुपारी स्टॅटिस्टिक्स गॅदर करून क्वेरी तशीच स्लो असेल तर फायदा झाला नाही असं म्हणायची घाई करू नका. घाईच असेल तर नो_इनव्हॅलिडेट फॉल्स देऊन गॅदर करायचं, फक्त गर्दीच्या वेळी नको, सगळं एकदम हार्ड पार्स होतं, म्हणजे सगळ्या क्वेरींचे प्लॅन एकाच वेळी नव्यानं बनतात.

काटा_पावती
मावशी धन्यवाद. पोस्टग्रेसमध्ये पण असं थांबावं लागतंय का? आणि रिपोर्टसाठी आमचा एक रेप्लिका (मुख्य डेटाबेसची चालू नक्कल) सर्व्हर आहे, तिथं बघितलं तर लास्ट_अॅनालाइझ अजून नल आहे, तिथं वेगळं चालवायचं का?

पंचगंगा_काठ
थांबावं लागत नाही, पोस्टग्रेसमध्ये अॅनालाइझ झालं की प्रिपेअर्ड स्टेटमेंटचे जुने प्लॅन पुढच्या वेळी आपोआप नव्यानं बनतात.

रेप्लिकावर अॅनालाइझ चालतच नाही, तो रीड ओन्ली. प्लॅनरच्या स्टॅटिस्टिक्स प्रायमरीवरनं (मुख्य सर्व्हरवरनं) डब्ल्यूएएल या बदलांच्या लॉगमधनं तिकडं आपोआप जातात, पण लास्ट_अॅनालाइझ आणि एन_मॉड हे काउंटर प्रत्येक सर्व्हरचे आपापले असतात, ते जात नाहीत. म्हणून तिथं नल दिसणार. रेप्लिकावर तपासायचं तर पीजी_स्टॅट्समधलं मोस्ट_कॉमन_व्हॅल्सच बघायचं, 2025-26 तिथं दिसला की पोचलं.

शिरोली_आयटी
काटा_पावती, अजून एक विचारतो, तुम्ही लोक पोस्टग्रेस 15 वरनं पुढं जाणार असाल तर 18 च्या आधीच्या व्हर्जनवर पीजी_अपग्रेड केलं तर स्टॅटिस्टिक्स सोबत येत नाहीत ना?

रंकाळा_डीबीए
नाही येत. 17 पर्यंत अपग्रेड झाल्या झाल्या अॅनालाइझ करावंच लागतं, व्हॅक्यूमडीबीला अॅनालाइझ इन स्टेजेस असा ऑप्शन आहे, तो आधी कच्च्या स्टॅटिस्टिक्स पटकन करतो आणि मग पक्क्या. 18 मध्ये पीजी_अपग्रेड बहुतेक स्टॅटिस्टिक्स घेऊन येतं, पण क्रिएट स्टॅटिस्टिक्सनं बनवलेल्या त्यात येत नाहीत, म्हणजे काटा_पावतीनं आता हंगाम-पंधरवड्याच्या बनवल्या तर त्यासाठी तिथं पण परत अॅनालाइझ. आणि अपग्रेड करायचंच असेल तर पट्टा पडल्यावर करा, चालू गाळपात नको.

काटा_पावती
अपग्रेड आता उन्हाळ्यातच. थ्रेशोल्ड 5000 लावला, क्रिएट स्टॅटिस्टिक्स पण केलं आणि परत अॅनालाइझ, आता धरलेल्या रो 11,500 च्या आसपास येतायत. जॉबमध्ये डेटाबेसचं नाव टाकून घेतलं आणि त्याच जॉबच्या शेवटी एक छोटी क्वेरी जोडली, ऊस_वजन, कपात आणि तोडणी वाहतूक या तीन टेबलांचं लास्ट_अॅनालाइझ 24 तासांपेक्षा जुनं असेल तर जॉब फेल दाखवायचा आणि मला मेसेज यायचा. सॉफ्टवेअरवाल्यांना लॉगमधली ती ओळ आणि दोन्ही प्लॅन पाठवलेत, रॅमचं कोटेशन सध्या थांबवलंय.